केतकी पेंढा भरत नव्हती

विनायकचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "शैला, केतकी गेली," तो म्हणाला. कुठे गेली, असंच मी विचारणार होते... मग त्याचा श्वास ऐकला आणि कळलं. हायवेवर डांबरात दिसून न येणाऱ्या पातळ बर्फावरून तिची व्हॅन घसरली आणि ट्रकवर आदळली, हे त्यानं कसंबसं सांगितलं. मी गाडीला टेकून उभी राहिले. आम्ही दोघंही रडलो. आणि मग, त्याच फोनवर, नाक पुसून तो म्हणाला, "कुणी विचारलं तर म्युझियमच्या कामाला निघाली होती म्हणून सांग. उगाच चर्चा नको."

केतकी म्युझियमच्या कामाला निघाली नव्हती. ती एका शिकाऱ्याकडे त्यानं मारलेल्या एल्कचं डोकं पोचवायला निघाली होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा इथला थोराड भाऊ. ते डोकं तिनं तयार केलं होतं. केतकी टॅक्सिडर्मिस्ट होती, मेलेले प्राणी टिकवणं हा तिचा व्यवसाय होता, आणि तो लपवायचा विचार तिच्या मनाला कधी शिवला नाही. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना तिनं तो लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. लपवायचा होता तो बाकीच्यांना. तिच्या जाण्याला काही आठवडे झालेत. दुःखाचं काय करायचं ते मला हळूहळू कळतंय, पण या रागाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

तिची आई मंजू माझी नागपूरची मैत्रीण. आम्ही दोघी लग्नानंतर इकडे आलो आणि योगायोगानं मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्येच येऊन पडलो. केतकी शाळेत असतानाच मंजू कॅन्सरनं गेली. विनायकच्या ऑफिसच्या वेळा विचित्र, म्हणून शाळा सुटली की केतकी बसनं माझ्याकडे युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये यायची. एकदा ती स्वेटरच्या खिशातून एक पिवळी चिमणी घेऊन आली. काचेवर आपटून मेलेली. "मावशी, कॅन वी कीप हर?" मी नाही म्हणायला हवं होतं, असं पुढे मला पुष्कळांनी ऐकवलं. आमच्या लॅबमध्ये एन्झाइम सुकवायचं यंत्र होतं. त्यात आधी वस्तू गोठवायची, मग आतली हवा ओढून घ्यायची. बर्फाचं पाणी होतच नाही, सरळ वाफ होते आणि वस्तू आपल्या आकारात तशीच राहते. आम्ही चिमणी त्यात ठेवली. बाहेर काढली तेव्हा पंखावरचं पीससुद्धा हललेलं नव्हतं. केतकीनं ती तळहातावर घेतली आणि एका बोटानं तिचं डोकं कुरवाळलं.

पुढे तिनं जीवशास्त्राची पदवी घेतली. मेडिकलला जाणार असं विनायकनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती मात्र मिशिगनच्या उत्तरेला एका म्हाताऱ्या टॅक्सिडर्मिस्टकडे काम शिकायला गेली. परत आली ती स्वतःचं वर्कशॉप टाकायच्या तयारीनं. विनायक तिच्याशी बोलायचा, नाही असं नाही. पण त्या वर्कशॉपमध्ये त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. आणि आमची मराठी मंडळी! एका गणपतीत माझ्यासमोर एका गृहस्थांनी तिला विचारलं, "काय गं, हल्ली कशात पेंढा भरतेस?" हसले सगळे. केतकी पण हसली. "काका, मी पेंढा नाही भरत. मी काहीच भरत नाही. आय जस्ट टेक द वॉटर आउट." त्या काकांची स्वतःची मुलगी पॅथॉलॉजिस्ट आहे. ती रोज माणसांची प्रेतं उघडते, आणि काका तिचा फोटो पाकिटात घेऊन फिरतात. मटणावर ताव मारून, चामड्याच्या सोफ्यावर रेलून ही माणसं केतकीच्या हातचा चहा नको म्हणायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला शिकार आवडत नाही. आजही नाही. हे मी तिला तोंडावर सांगायचे. ती म्हणायची, "मलाही नाही मारता येणार, मावशी. बट दे आर ऑलरेडी डेड. आता पुढचं कुणीतरी नीट करायला नको?" आणि ती नीट करायची. तिचं नाव झालं होतं ते मखमली शिंगांसाठी. हरणांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्यानं उगवतात. वाढत असताना त्यांच्यावर मऊ, केसाळ कातडी असते, रक्तानं भरलेली. उन्हाळा संपता संपता हरीण ती झाडावर घासून काढून टाकतं. त्याआधी हरीण मारलं गेलं तर ती कातडी फळासारखी नासते. केस गळतात, वास सुटतो. बरेच लोक त्यात औषध टोचतात. केतकीनं मात्र कर्ज काढून आमच्या लॅबमधल्या यंत्रासारखंच मोठं फ्रीझ ड्रायर आणलं होतं, माणूस आत उभा राहील एवढं. शिंगं त्यात आठवडेच्या आठवडे सुकत. केतकी मधूनमधून ती बाहेर काढून वजन करायची. वजन उतरायचं थांबलं की झालं. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशनं ती मखमल विंचरत बसायची... वेणी घालून घेणाऱ्या मुलीशी बोलावं तशी, हळू आवाजात काहीतरी पुटपुटत.

अंत्यसंस्कार झाले आणि दुसऱ्या दिवशी विनायक वर्कशॉप रिकामं करायला निघाला. किल्ली माझ्याकडे होती म्हणून मला बोलावलं. शहराबाहेर शेतांच्या कडेला तिचं ते पत्र्याचं शेड. दार उघडलं तर यंत्र घुमत होतं. मालकीण गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विनायक आयुष्यात पहिल्यांदा आत आला आणि सरळ स्विचकडे गेला.

"थांब," मी म्हटलं. "आत शिंगं आहेत. अजून ओली आहेत."

"लीज सोडायचीय शैला. जंकवाला येतोय."

"बंद केलंस तर सडतील."

"मेलेल्या हरणाची शिंगं आहेत!"

"मंजूचं मंगळसूत्र अजून तुझ्या कपाटात आहे ना, विनायक? मंजूपण मेलेलीच आहे."

असं बोलायला नको होतं, असं मला वाटत नाही. त्याचा हात स्विचवरून खाली आला. जंकवाल्याला त्यानं फोन करून कॅन्सल केलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेला.

मग मी रोज जायला लागले. पंपाचं तेल बदलायचं, आतल्या नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवायचा, शिंगं तोलायची. हे सगळं मी लॅबमध्ये जन्मभर केलेलं, फक्त इथे यंत्र मोठं होतं. त्याच दिवसांत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. निवेदन करणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "केतकी आर्ट आणि म्युझियम फील्डमध्ये कार्यरत होती." विनायक मान खाली घालून बसला होता. मी उठले. "ती टॅक्सिडर्मिस्ट होती," मी म्हटलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शैलाताई, आज नको."

"मग कधी?" मी विचारलं. "ती परत मरणार आहे का?"

मला धरून खाली बसवलं. त्यानंतर काही घरांतून मला बोलावणं येत नाही. बरं झालं.

शिंगांचं वजन उतरायचं थांबलं तेव्हा मी त्यांच्या मालकिणीला कळवलं. मार्था नावाची बाई, वयानं माझ्याएवढी, उत्तरेकडून एकटी गाडी चालवत आली. तिच्या नवऱ्यानं सप्टेंबरात हे हरीण मारलं होतं, घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तो हार्ट अटॅकनं गेला. तिनं शिंगांवरच्या मखमलीवरून बोटं फिरवली, उलटी, मग सुलटी. विनायक नेमका त्या दिवशी किल्ली न्यायला आला होता. तो दारातच उभा होता. मार्थानं विचारलं, "तुम्ही तिचे वडील का?" तिनं त्याचा हात हातात घेतला. "ती मला फोन करायची. आज अजून थोडी हलकी झालीत, म्हणून सांगायची. त्या फोनची मी वाट बघायचे."

विनायकनं शिंगांकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि त्या मऊ केसांना नुसतं टेकवला. "येस," तो म्हणाला, "शी वॉज अ टॅक्सिडर्मिस्ट. अ व्हेरी गुड वन."

माझं मन तेव्हा विरघळायला हवं होतं. नाही विरघळलं. तो हे इंग्रजीत म्हणाला, एका परक्या बाईला, जिला तो पुन्हा कधी भेटणार नाही. मागच्या आठवड्यात ग्रोसरीच्या दुकानात कुणीतरी त्याला थांबवून केतकी काय करायची ते विचारलं, तेव्हा मराठीत काय म्हणाला ते मी बाजूला उभी राहून ऐकलं. म्युझियम.

किल्ली मी त्याला दिली नाही. लीज माझ्या नावावर करून घेतली. अजून बाकीच्या गिऱ्हाइकांची कामं तिथे पडलेली आहेत, ती पुरी करायला तिच्या जुन्या गुरूनं होकार दिलाय. मी जाते, झाडते, बसते. तिच्या टेबलामागे भिंतभर छोटे ड्रॉवर आहेत, प्रत्येकावर आत काय आहे त्याचं नाव. तिच्याकडे काम करायला आणखी कुणी नव्हतं, म्हणजे ही नावं तिनं स्वतःसाठीच लिहिली असणार, काळ्या मार्करनं, देवनागरीत, मी रविवारच्या मराठी शाळेत गिरवून घेतलेल्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरांत. डोळे. कान. दोरा. 'सुया'चा सु दीर्घ काढलाय. परवा एकदा मार्कर हातात घेतला होता... पण नाही दुरुस्त केला.