आधी गोली बंद

सुमनताईंना नवऱ्यानं दंडाला धरून माझ्या दवाखान्यात आणलं. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. किरनापुरात त्या ब्लाउज शिवतात. त्या दिवशी पाण्याचा ग्लासही धरवेना.

“तुमच्या नव्या गोळीनंच हिले असं केलं साहेब,” नवरा म्हणाला. “ते बी बंद करतो आता.”

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मानसोपचार करतो. सुमनताई घबराटीसाठी चार वर्षं झोपेच्या गोळ्या घेत होत्या, रोज दोन. या गोळ्या मेंदूचा ब्रेक बाहेरून दाबून धरतात. सवय झाली की मेंदूला स्वतःचा ब्रेक नीट लागत नाही. गोळी एकदम काढली तर घबराट दुपटीनं उसळते, फिटही येऊ शकते. म्हणून मी आधार म्हणून सेरोटोनिनवर काम करणारी गोळी जोडली होती. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं एक रसायन. भीती आटोक्यात ठेवण्यात त्याचाही हात असतो. पण ही गोळी सरकारी फाइलीच्या चालीनं चालते, गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून जुनी एकदम न सोडता हळूहळू कमी करायची. सुरुवातीला दोनातली फक्त अर्धी बंद, दीड चालू.

“जुन्या गोळ्या किती घेताय ताई?”

“एकबी नाही. पाच दिवस झाले.”

“काहून?”

“तुमीच त लिवलं!” त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली.

जुन्या गोळीसमोर माझ्याच अक्षरात होतं : ‘आधी गोली बंद’.

इथं चिठ्ठ्या आम्ही हिंदीत लिहितो. हिंदीत आधी म्हणजे अर्धी. सुमनताईंचं माहेर गोंदियाकडचं, शाळा मराठी. त्यांनी सरळ वाचलं : आधी, म्हणजे अगोदर, गोळी बंद. मग पुढचं. घरी मराठी बोलणाऱ्या मला हे सुचूही नये? मला भयंकर लाज वाटली.

“चूक नव्या गोळीची नाही, तुमची तर नाहीच. माझी आहे,” मी म्हणालो.

जुना डोस लगेच सुरू केला. फिटच्या धास्तीनं त्यांना दिवसभर नजरेसमोर झोपवून ठेवलं. संध्याकाळी थरथर ओसरली, तेव्हा कुठे मी जेवलो.

पुढे जुनी गोळी सुटायला अकरा महिने लागले, अर्धी आणि पाव करत करत. आता मी प्रत्येक पेशंटकडून चिठ्ठी मोठ्यानं वाचून घेतो. शेवटच्या भेटीत मी जुन्या गोळीसमोर ‘बंद’ लिहिलं. सुमनताईंनी चिठ्ठी परत माझ्यापुढे सरकवली.

“तोंडानं सांगा साहेब. तुमच्या लिवण्यावर माहा भरोसा नाही.”

मी सांगितलं. दोन्ही भाषांत.