चिंचेखालची मोजणी

देसले डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर त्यांनीच अडवून धरलेली झाडतोडीची फाईल होती. त्याला आता दीड महिना झाला.

ते धुळ्याचे, सरकारी पशुवैद्यक. मी रत्नागिरीचा, वन कार्यालयात कारकून. सिल्वासात दोघंही उपरे, म्हणून दुपारचा डबा एकत्र. गावात गेले की ते आधी विचारायचे, कोणाची शेळी मेली, कोणाला ताप आहे. आणि मग, यंदा झाडं कुठली गेली. तिन्ही गोष्टी एकाच वहीत. कोरोनानंतर तर त्यांना चैनच नव्हती. "अरे भाऊ, झाड तोडलं म्हंजे वटवाघूळ मरत नाही," ते म्हणायचे, "ते गोठ्याजवळच्या आंब्यावर येतं. मंग त्याचा आजार आन् आपली ढोरं शेजारी शेजारी. आधी मोजा, मंग तोडा. एवढंच तं म्हणतो मी!" साहेब लोक माना डोलवायचे आणि घड्याळ बघायचे. मीही त्यांना वटवाघळांचे वकील म्हणून चिडवायचो.

दोन वर्षांपूर्वी इथल्या दुधनी गावाजवळची चिंचेची काही झाडं तोडायची होती. फाईल घाईची. 'वन्यजीव' या रकान्यात मी जुन्या फाईलवरून 'निरंक', म्हणजे काहीच नाही, असं उतरवलं. पाहणीला कोणी गेलंच नव्हतं. चिंचा पडल्या आणि वटवाघळं घरांजवळच्या आंब्यांवर आली. डॉक्टरांनी माझी चूक पकडली, पण वर कळवलं नाही. "तूच लिही, पाहणी झाली नव्हती म्हणून. नाही तं तुझं निरंक दाखवून उरलेल्या चिंचाही पाडतील." मी म्हणायचो, बघू... नोकरीची भीती, दुसरं काय! शेवटच्या भेटीतही त्यांनी तेच विचारलं आणि मी विषय बदलला. याची मला लाज वाटते.

झालंही तसंच. उरलेल्या चिंचांची परवानगी त्याच 'निरंक'वर मागितली गेली. 'आधी मोजणी करा' या डॉक्टरांच्या शेऱ्यामुळे फाईल थांबली होती. आता थांबवणारं कोणी नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी दुधनीला गेलो. डॉक्टर बसायचे तसा चिंचेखाली बसलो. वटवाघळं उडायला लागली आणि माझी मोजणी दोनदा चुकली. शेजारच्या घरातल्या वनिताबेन पाणी घेऊन आल्या. डॉक्टर गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं, "मागल्या वेळी मोजाया कोण आलेला?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं होतं."

सोमवारी हेच फाईलवर लिहिलं आणि खाली सही केली. डॉक्टरांना एवढंच हवं होतं. ते जिवंत असताना मला ते जमलं नाही.