अकरा थांबे आणि कापलेले श्वास

बसस्थानकावर तिला चेहऱ्याने ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती; आवाजाने मात्र सगळं शहर ओळखायचं. ड्रायव्हर-कंडक्टर तिला आवाजबाई म्हणत. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला तिची खोली. टेबल, मायक्रोफोन, लाल बटण आणि एक मोठी काच. काचेतून सहाही फलाट दिसत, पण फलाटावरचं कुणी वर बघत नसे. बारा वर्षं ती तिथे बसून लोकांना आपापल्या घरी धाडत होती.

तिचा तोरा एकाच गोष्टीचा होता, बंदराच्या गाडीचा. जुना पूल, वखार, मुलींची शाळा, पाण्याची टाकी, मोठा दवाखाना, साबणाचा कारखाना, रेल्वे फाटक, कोर्ट, भाजी मंडई, कामगार वसाहत, बंदर. हे अकराच्या अकरा थांबे ती एका दमात म्हणायची. न अडखळता, न घाई करता. यात काही जगावेगळं नव्हतं, पण माणसाला कसला ना कसला तोरा लागतोच, आणि तिच्याकडे दुसरा नव्हता.

मग दिवस गेले. नवव्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे स्थानकप्रमुख. दर वाक्याला हातातल्या पेनाचं टोपण लावणारे आणि काढणारे.

"तुम्ही रजेवर गेल्यावर गाड्या काय मुक्याने सोडायच्या? सगळ्या गाड्यांची नावं रेकॉर्ड करून जा."

दोन दिवस बसून तिने सगळं रेकॉर्ड केलं. पाय सुजलेले, पोट टेबलाला टेकलेलं. काय बोलली, कितीदा बोलली, तिला धड आठवतही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मुलगी झाली.

सहा महिन्यांनी ती परत आली, तेव्हा स्थानकात तिचाच आवाज घुमत होता. खणखणीत, स्वच्छ.

"मशीन झकास चाललंय," साहेब टोपण लावत म्हणाले. "तुम्हाला आता तिकीट खिडकीवर टाकू म्हणतो."

"नको साहेब. मी बोलते ना."

"महिनाभर बघू. मशीनपेक्षा कमी पडलात तर खिडकी."

पहिल्याच दिवशी बंदराची गाडी लागली आणि साबणाच्या कारखान्यापाशी तिचा दम संपला. रेल्वे फाटक तोंडातून निघालं ते निव्वळ हवा होऊन. तिने घाईघाईने बटण बंद केलं आणि पाठीला हात लावून बसून राहिली. पाठही दुखत होती.

पाठदुखीचं मूळ पोटात होतं, हे तिला ठाऊक होतं; फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी अंथरुणातून उठताना पोटाच्या बरोबर मधोमध एक उंचवटा वर यायचा, तंबूत आतून काठी लावावी तसा. त्याच्या दोन्ही बाजू सैल. बोट दाबलं तर आत जायचं. तिला वाटायचं, आपण उसवलोय. सांगणार कुणाला? सासूबाई दीड महिना राहून गावी गेल्या होत्या. नवरा जहाजावर, आठ-आठ महिने पाण्यात. त्याचा फोन आला की ती फोन उशीला असा टेकवायची, की तिचं तोंड आणि मुलगी तेवढी दिसावी. पोट त्या चौकटीत कधी आलंच नाही.

"तब्येत?" तो विचारायचा.

"ठणठणीत," ती म्हणायची, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकायचं.

मग तिने आपल्या बुद्धीप्रमाणे कंबर कसली. दुकानातून पोटपट्टा आणला आणि शेवटच्या हुकापर्यंत आवळला. दिवसभर पोट आत ओढून, छाती फुगवून, श्वास कोंडून धरायचा सराव सुरू केला. बसमध्ये, भांडी घासताना, मुलीला उचलताना. संध्याकाळी मुलगी झोळीत पडली, की मोबाइलवर आपलंच रेकॉर्डिंग लावायची आणि त्याच्याबरोबर बोलायची. रेकॉर्डिंग बंदराला पोचायचं, ही फाटकापाशी धापा टाकत उभी. स्वतःच्याच आवाजाकडून रोज हरायचं, याहून एकटं काम कुठलं असेल? नवव्या महिन्यात एवढं पोट सांभाळून जमलं, आता पोरगी झोळीत आणि आपली ही गत, असं म्हणून ती पट्टा आणखी ओढून घ्यायची. बाई हट्टी होती, त्याला कोण काय करणार!

दवाखान्यात लसीच्या दिवशी बाकावरून उठताना तिने जे तोंड केलं, ते नर्सने पाहिलं. "शेजारच्या खोलीत दाखवून या," नर्स म्हणाली, आणि मुलीला तिने स्वतःच कडेवर घेतलं.

शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट होती. आखूड केसांची, पन्नाशीची. तिने आधी पट्टा सोडवला. मग पाठीवर झोपवून म्हणाली, "डोकं जरासं उचला." आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली.

बाळंतपणानंतर त्या पोटावर कुणी हात ठेवलाच नव्हता. आवाजबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

"दुखतंय?"

"नाही."

फिजिओथेरपिस्टने पुढे विचारलं नाही. हातही काढला नाही. "तीन बोटं अंतर आहे," ती सावकाश म्हणाली. "फाटलेलं काही नाही हो. दोन्हीकडचे स्नायू बाजूला सरकलेत आणि मधला पडदा ताणलाय. बऱ्याच जणींचं होतं. आता नेहमीसारखा श्वास घ्या बघू."

तिने घेतला. छाती वर, पोट आत.

"हेच चुकतंय. तुम्ही पोट आवळून श्वास कोंडताय. आतला दाब जाणार कुठे? त्या फटीवरच येतो. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू द्या, पोट सैल सोडा. सोडताना खालून हळूच आत घ्या. मुलीला उचलतानाही श्वास सोडत उचला."

"पंधरा दिवसांत होईल?"

"महिने लागतील. पंधरा दिवसांची घाई कसली?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. अकरा थांबे, मशीन, खिडकी. पहिल्यांदाच कुणालातरी.

"लोकांना गाडी पकडायचीय, तुमचा दम मोजायचा नाहीये," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

"पण नवव्या महिन्यात मी एका दमात म्हटलंय. रेकॉर्ड आहे."

"नवव्या महिन्यात?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "तेव्हा जिना चढताना धाप लागते माणसाला. नीट ऐकलंत का तुम्ही?"

ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती तळमजल्यावरच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेली. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. डबा खात होता.

"बंदराची गाडी मी किती दमात म्हटली होती हो?"

"बंदर?" त्याने घास गिळला. "चार की पाच. फार धापा टाकत होता तुम्ही. मला तर धास्तीच वाटली, इथेच काही होतंय की काय म्हणून."

"पण ऐकू येत नाहीत ते श्वास."

"कापले ना मी. कॉम्प्युटरवर श्वास दिसतो, छोटंसं टेकाड असतं. एकेक काढून टाकला. साहेबांना स्वच्छ हवं होतं." तो जरा अभिमानानेच म्हणाला. "जोड कुठे आहे कळत नाही, बघा!"

पंधरा दिवस ती जिच्याशी झुंजत होती, त्या बाईला श्वासच नव्हता.

"ठेवलेत का ते?" तिने विचारलं.

"काय?"

"कापलेले श्वास."

"नाही हो." तो हसला. "श्वास कोण ठेवतं?"

ती जिन्याने वर आली, मध्ये दोनदा थांबून. नवऱ्याला फोन लावला. जहाज टप्प्याबाहेर होतं. दिवसा मुलीला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंना लावला. काकूंनी सांगितलं, मुलगी जेवली, झोपली. हे दोघं सोडून फोन करावा असं तिला कुणी नव्हतं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

बंदराची गाडी फलाट चारवर लागली. तिने बटण दाबलं.

"जुना पूल, वखार, मुलींची शाळा, पाण्याची टाकी..."

इथे ती थांबली. बटण दाबलेलंच ठेवलं. बरगड्या फुलू दिल्या, पोट सैल सोडलं. तो श्वास मायक्रोफोनमधून, कर्ण्यांमधून, सहाही फलाटांवर ऐकू गेला. काचेखाली कुणीही मान वर केली नाही. एका म्हाताऱ्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच. मग ती दवाखान्यापासून पुढे निघाली, मंडईनंतर पुन्हा थांबली, आणि बंदराला पोचली.

टेबलावरचा फोन वाजला.

"मध्येच काय झालं?" साहेब.

"श्वास घेतला, साहेब."

"मशीनमध्ये असं होत नाही."

"मशीनमध्येही मीच आहे. माझे श्वास कापलेत."

पलीकडे टोपण लागल्याचा आवाज आला. "महिनाअखेरीला बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या गाडीला तीनच थांबे होते. तिने त्यातही मध्ये एक श्वास घेतला, गरज नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असा.