चौऱ्याहत्तर किलोंचे काका

पेट स्कॅन विभागातल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे पाठीमागे 'वजनकाटा' म्हणत. चपला काढा, खिसे रिकामे करा, सरळ उभे राहा. त्यांच्या तावडीतून मंत्रीही सुटला नसता. टोचलेलं किरणोत्सारी औषध कॅन्सरच्या गाठीत किती साठलं याचा आकडा वजन धरून काढतात. वजन चुकलं की आकडा चुकला. अठरा वर्षांत बाईंनी कुणाचं तोंडी वजन लिहून घेतलं नव्हतं.

त्या सकाळी काट्यानेच मान टाकली. बॅटऱ्या संपलेल्या. इकडे औषध येऊन पडलेलं, मिनिटामिनिटाला विरत चाललेलं. समोर बस चालवून निवृत्त झालेले काका.

"काका, वजन?"

"चौऱ्याहत्तर," शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे, काकूंकडे न बघता काका म्हणाले. चार महिन्यांपूर्वीच्या स्कॅनच्या वेळीही तेवढंच होतं. बाईंनी लिहून टाकलं.

दुपारी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "गाठीचा आकडा मागच्या वेळी सहा पॉइंट एक, आज पाच पॉइंट दोन. एवढंसं उतरून भागणार नाही. केमोचं औषध बदलावं लागेल, जास्त कडक द्यावं लागेल."

कडक औषध या माणसाला झेपायचं नाही, हे बाईंना दिसत होतं. मग त्यांची नजर यकृतावर गेली. तिथला आकडा सहसा फारसा हलत नाही, तो चक्क वाढला होता. सगळ्या वर्गाचे मार्क एकदम वाढले, तर मुलं हुशार झालेली नसतात. तपासणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं.

"डॉक्टर, दहा मिनिटं द्या!"

काट्यात नव्या बॅटऱ्या पडल्या. काका नाइलाजाने वर चढले. अठ्ठावन्न.

"काका, हे काय?"

"हिच्यासमोर कसं सांगणार? उगाच घोर लागला असता."

"अहो, तुमच्या विजारी तीनदा कमरेत आत घेतल्या, त्या काय शेजारणीने?" काकू कडाडल्या.

बाईंना हसू आलं आणि स्वतःचा संतापही. त्यांनी खरं वजन घालून हिशेब पुन्हा केला. चार पॉइंट एक.

डॉक्टरांनी दोनदा पडताळलं. "तिसऱ्या हिश्श्याने कमी! लागू पडलंय की. तेच औषध चालू ठेवू."

बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, तसे काका काकूंकडे वळले.

"अगं, मला वाटलं होतं, आता माझं काही खरं नाही."

"मलाही," काकू म्हणाल्या, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच काकांसमोर रडल्या.