मेंढीच्या खुरावर ग्राफीन

आमच्या घरात बाटलीत काही काळं दिसलं, की ते मेंढीचं औषध. खुराला जखम झाली की इंजिनाचं जळकं ऑईल लावायचं, म्हणजे माशा बसत नाहीत. मेंढरं आता थोडीच उरली आहेत, पण रीत शाबूत.

गेल्या श्रावणात लेक पुण्याहून आली. ती तिथे प्रयोगशाळेत असते. दुसऱ्या दिवशी अवसरीच्या कॉलेजात मुलांना दाखवायला तिने काळपट पाण्याची कुपी आणली आणि ओसरीच्या फळीवर ठेवली. कुपीवर चिठ्ठी होती, पण माझा चष्मा आत होता. नुकत्याच व्यायलेल्या मेंढीच्या खुरात जखम चिघळली होती. मी पाय धरला, बायकोने अर्धी कुपी ओतली.

"लई पातळ हाय की वो."

"नव्या इंजिनाचं असंल," मी म्हणालो. आमच्याकडे शहाणपणाचं खातं माझ्याकडे आहे.

लेक बाहेर आली नि ओरडली, "आबा, ते ग्राफीन आहे!"

"म्हंजी?"

"कार्बनचे पापुद्रे. इतके पातळ, की कडेने पेशीचं आवरण चिरतात. काही पेशी तर हे पापुद्रेच गिळून टाकतात. त्यानं काय इजा होते, हेच आम्ही शोधतोय!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "कोकरू अजून दुधावर हाय. मेंढी गेली तर तुमी पाजणार का?"

लेकीने मिठाच्या पाण्याने जखम धुतली. धुताधुता सांगत होती, की रक्तातली प्रथिनं पापुद्र्यांना चिकटतात आणि धार बोथट होते. शिवाय कुपीतल्या पाण्यात ग्राफीन अगदीच थोडं होतं. "बहुतेक काही होणार नाही."

ते 'बहुतेक' ऐकून मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. "धुतलंत ते बेस केलंत राव. आता वाट बघा." मेंढी काही खाईना. मी उगाच गोठ्यात फेऱ्या मारल्या. तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसणार.

सकाळी बायकोची हाक आली, "आवं, या लवकर!" अनवाणीच धावलो. मेंढी उभी होती, लंगडत का होईना. कोकरू तिच्या कासेला ढुशा देत होतं. मी तिथेच उकिडवा बसलो.

तेवढ्यात मेंढीने मान लांब करून बायकोच्या टोपलीतली मेथीची जुडी ओढली. दुपारची भाजी गेली. कुणी तिला हाकललं नाही.