होते ना सायब, समदं होते

माझ्या आईला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर कुणी तिला 'बिचारी' म्हटल्याचा. लकव्यानं उजवी बाजू गेली, हात लुळा पडला, पाय ओढत चालायची, पण कुणी कीव केली की तोंड फिरवून बसायची. वडनेरला एकटीच राहायची. बाबा गेलेले, आणि मी एकुलती एक लेक हिंगणघाटला, दुकानात कामाला. 'चाल ना माह्याकडं' म्हणून मी घसा कोरडा केला, पण नाही म्हणजे नाही. जावयाच्या घरी जायचं, तेही असं लोळागोळा होऊन? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती माझ्या तोंडावर सांगायची.

तिचं निभत होतं ते एका ताईमुळे. एका संस्थेनं गावोगावच्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना घरी येऊन मदत द्यायचं काम सुरू केलं होतं. रोज सकाळी ही ताई यायची. आईला धरून संडासला न्यायची, आंघोळ घालायची, वेणी घालायची, हातापायाचा व्यायाम करून घ्यायची. आईचा अख्खा दिवस त्या सकाळवर चालायचा. भाकरीचं आणि दिवसा मधेच उठवण्याबसवण्याचं शेजारच्या काकू बघायच्या. सगळं बाईच्या हातानं व्हायचं, त्यामुळे आईला लाज वाटायची नाही. मी रविवारी जाऊन यायची आणि आठवडाभर निवांत असायची.

मग संस्थेचा एक साहेब पाहणीला येणार असं ठरलं. कुणाला अजून मदतीची गरज आहे, कुणाला नाही, हे तो घरोघरी जाऊन बघणार होता. आईनं मला कळवलंच नाही. "दुकानात सुटी मागाव लागली असती तुले," असं नंतर म्हणाली. झालं काय, ते मी काकूंकडून ऐकलं.

घरी कुणी यायचं म्हटलं की आमच्याकडे काय होतं ते सांगायलाच नको. आईनं पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं. काकूंकडून अंगण सारवून घेतलं, चिवडा करवून घेतला, फळीवरचे चांगले कप काढायला लावले. ताईकडून नवं लुगडं नेसून घेतलं, केसांना तेल लावून घेतलं. पोरगी पाहायला येतात तसा सगळा थाट! खुर्चीवर ताठ बसली, लुळा हात पदराखाली झाकलेला. साहेब आला आणि त्यानं ताईला बाहेर थांबायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला मोकळेपणानं बोलता यावं, एवढाच त्याचा हेतू.

"आजी, आंघोळ होते का रोज?"

"होते ना सायब."

"संडासला जाणं वगैरे?"

"होते."

"वेणीफणी, कपडे बदलणं?"

"समदं होते सायब, काई तरास नाई. तुमी चिवडा घ्या ना."

एक अक्षर खोटं बोलली नव्हती ती. होतच होतं की रोज! कुणाच्या हातानं होतं, हे त्यानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. त्याला वाटलं, म्हातारी आपली आपण करते. मोबाईलवर बोट फिरवलं, चहा प्यायला, "आजी, तब्येत एकदम छान आहे तुमची," म्हणाला आणि गेला. आई खूश. पुढच्या सोमवारपासून ताई यायची बंद झाली.

ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. होते तशी निघाले आणि दारातूनच सुरू झाले.

"आई वं, सांगाव ना त्याले, माह्यानं उठवत नाई म्हनून!"

"पयल्यांदा घरी आलेल्या मानसासमोर हागन्यामुतन्याचं बोलाव? नातवाएवढा पोरगा होता वं तो!"

"मंग आता कोन करन तुयं?"

"होईन काईतरी."

असा संताप आला तिचा! आणि त्याच वेळी इतकं रडू यायला लागलं, की मी उठून अंगणात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या वर्ध्याच्या ऑफिसात गेले. चांगली भांडायची तयारी करून गेले होते. तोच साहेब भेटला. म्हटलं, "अहो, ती ताई करून देते म्हणून होते! म्हाताऱ्या माणसाला 'होते का' असं विचारूच नका. 'कोण करून देतं' असं विचारा." बिचारा भला होता, लगेच समजला, चुकलं म्हणाला. पण तोवर ताईला दुसऱ्या गावी दिलं होतं, अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाकडे. त्याच्या पाठीला जखमा झालेल्या. त्याच्याकडून तिला काढा, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? या कामाला बाया मिळत नाहीत, दुसरी मिळाली की पहिला नंबर तुमचा, असं तो म्हणाला. मी बसनं परत आले.

काकूंनी काही दिवस केलं. मग कापूस वेचणीची घाई लागली, त्यांची स्वतःचीच कंबर धरली. एका सकाळी आई एकटी उठून निघाली आणि न्हाणीच्या उंबऱ्यात पडली. काकू वावरातून परत येईपर्यंत तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, नशीब. त्यानंतर मात्र मी तिचं काही ऐकलं नाही, गाडी केली आणि तिला घेऊन आले. गाडीत बसवताना बाया जमल्या होत्या. जी विचारेल तिला आई सांगत होती, "चार दिवस लेकीकडं जाऊन येतो."

माझा नवरा सूतगिरणीत रातपाळीला असतो, म्हणजे दिवसा घरी. मी कापडाच्या दुकानात, सकाळी निघाले की दिवेलागणीनंतर परत. जायच्या आधी आईचं सगळं आटोपून जायची. नवरा स्वभावानं खरंच चांगला. "मामी, काई लागलं तं आवाज द्या, लाजू नका," असं रोज म्हणायचा. तिनं कधी आवाज दिला नाही. मला वाटलं, चला, रुळली बाई.

मग मे महिना आला. कूलर लावूनही भिंती तापायच्या. एका संध्याकाळी घरी आले तर आईचे ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठाक, डोळे खोल गेलेले, आणि मलाच विचारते, "तू कोन वं?" तशीच तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर माझ्यावरच चिडले, या उन्हात म्हातारीला पाणी देत नाही का म्हणून. देत नाही कशी? तांब्या भरून उशाशी ठेवूनच जायची मी. नवरा म्हणाला, "मी इचारलं तं म्हनते, तहान नाई."

घरी आणल्यावर, नवरा ड्यूटीवर गेल्यावर, मी तिच्याजवळ बसले.

"आई वं, काऊन नाई पेत वं पानी? मरतं का अशी?"

तिनं तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पेलं तं लघवीले लागते ना वं. जावयाले सांगू का, मले उचल म्हनून?"

"तो करन ना! त्याले काई नाई वाटत!"

"मले वाटते."

मी रडायला लागले तशी तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. "रडू नको. तू जाय आपली कामाले. तू आल्यावर पेतो ना मी."

मी तिला धरून बसवलं आणि तांब्या तोंडाला लावला. घटाघट प्यायली, सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरून तिच्या उशाशी ठेवला आणि मी दुकानात गेले.