खोल्यांच्या बदल्या

माझ्या साडूभाऊंच्या घरी दोनदा गेलेला माणूस या पृथ्वीतलावर नाही. जो जातो तो दर वेळी पहिल्यांदाच जातो. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. केस काळे होते तेव्हापासून मी तिरोड्याहून गाडीने गोंदियाला उतरतो आणि ऑटो करून कुडव्याच्या त्या घरी पोचतो, पण फाटकाची कडी काढताना आत काय कुठे असेल याचा अजूनही पत्ता नसतो. मागच्या वेळी ज्या खोलीत सोफ्यावर पाय पसरून चिवडा खाल्ला, तिथे या वेळी तांदळाची पोती भिंतीला टेकून उभी असतात. जिथे दुपारी छान झोप लागली होती, तिथे कुकर शिट्ट्या मारत असतो. एकदा तर मी "ताई, आलो बरं का" असं म्हणत पुढचं दार ढकललं आणि थेट फोडणीतच शिरलो. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. समोर पाटावर बसलेली ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, झारा हातात धरून शांतपणे म्हणाली, "या जवाईबापू, बसा. कुठं बसाचं ते मले नोका विचारू. मलेच आज सकाळी समजलं."

या उद्योगाला साडूभाऊ 'बदली' म्हणतात. घरात खोल्या चार, आणि चारही खोल्या बदलीपात्र. लोक घर सजवतात म्हणजे रंग काढतात, नवे पडदे लावतात, दारावर प्लास्टिकची वेल सोडतात आणि दिवाळी उलटली की विसरून जातात. साडूभाऊंना हे मुळीच मान्य नाही. "तोंड धुतल्यानं कोणाचा कंटाळा जाते काय?" ते विचारतात. "खोलीले बी जीव असते भाऊ. सैपाकाच्या खोलीनं जनमभर भांड्याईची आदळआपटच आयकाची काय? तिले बी थोडी झोप आयकू द्या. अन् झोपाच्या खोलीले कधी पाहुणे पाहू द्या." मग एखाद्या सकाळी चहा पिता पिता ते जाहीर करतात, की बैठक आजपासून कार्यमुक्त होऊन मागच्या खोलीत रुजू होत आहे. ताई कपाळावर हात मारते. लोखंडी अलमारी किंचाळत किंचाळत दारातून बाहेर पडते. गल्लीला सगळं कळतं. सिलिंडरवाला तर फाटकातूनच ओरडतो, "काका, आज किचन किधर है?" आणि साडूभाऊ, जिल्ह्यातला सर्वांत सुखी माणूस असल्याच्या थाटात, हात लांब करून दिशा दाखवतात.

पण बदलीची खरी मौज सामान हलवण्यात नाही, असं ते म्हणतात. ती आहे मधल्या दिवसात. एका खोलीतलं सामान निघालं आणि दुसरीतलं अजून आलं नाही, असा एक दिवस ते प्रत्येक खोलीला देतात. त्या दिवशी खोली झाडून, चुन्याचा हात मारून तशीच रिकामी ठेवायची. एक चटई टाकायची आणि आपण गुपचाप बसायचं. मला आधी हा शुद्ध चावटपणा वाटायचा. मी पडलो एका जागेचा माणूस. तिरोड्याला माझी खुर्ची, माझी पिशवी अडकवायचा खिळा आणि माझ्या बायकोचे टोमणे वर्षानुवर्षे ठरल्या ठिकाणी आहेत. पण एकदा हिवाळ्यातल्या सकाळी त्यांनी मला हाताला धरून त्या चटईवर बसवलं. ती पूर्वेकडची खोली होती. खिडकीबाहेर एक बोडी आहे, धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. ऊन वर आलं, बोडीवर पडलं, आणि तिथून उडून खिडकीतून थेट छतावर आलं. पांढऱ्याशुभ्र छतावर पाणी हलायला लागलं. हलतंय, पसरतंय, मध्येच एखादा बगळा उतरला की छतभर थरथरतंय. ओल्या चुन्याचा वास, हातात चहा, आणि डोक्यावर तळं! आम्ही दोघं म्हातारे होत चाललेले साडू मान वर करून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. चहा निवून गेला. मला त्या वेळी कुठंच जायचं नव्हतं, आणि खरं सांगतो, असं मला फार कमी वेळा वाटलं आहे.

त्या खोलीला घरात 'पाण्याची खोली' म्हणतात. न्यायाने तिचा लाभ पाळीपाळीने सगळ्यांना मिळतो. कधी तिथे पलंग असतो, कधी सोफा. एका वर्षी तांदळाची पोतीसुद्धा त्यांनी तिथे ठेवली होती. मी विचारलं, "अहो, पोत्यांना काय पाणी दाखवता?" तर गंभीरपणे म्हणाले, "धान पाण्यातच वाढते ना? आठवण येत असन त्याले." एकदा देवघराचीही बदली तिथे काढली होती, पण ताई आडवी आली. "देव हलणार नाईत," ती म्हणाली. "या घरात तेवढेच तर आहेत जागेवर बसणारे." देव राहिले. बाकी कशाची सुटका नाही. ताईच्या साड्यांचीही पडद्यांमध्ये बदली होते. माझ्या बायकोने मोठ्या हौसेने बहिणीला दिलेली मोरपंखी साडी पुढच्याच भेटीत बैठकीच्या दारावर झुलताना दिसली. बायकोचा चेहरा पडला तेव्हा ताई म्हणाली, "काय करू वं, मी नेसाच्या आधी दारानंच नेसली." फक्त स्वयंपाकाला पाण्याची खोली कधीच मिळाली नाही. फोडणीच्या धुराने छत काळं होईल, मग त्यावर पाणी कुठून दिसणार, असं साडूभाऊंचं म्हणणं. त्या एका बाबतीत ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला त्या चटईवरच कळलं. साडूभाऊ सरकारी कचेरीत कारकून होते. सगळी नोकरी एकाच कचेरीत, एकाच टेबलावर आणि ओल आलेल्या एकाच भिंतीकडे तोंड करून झाली. बाकीच्यांच्या बदल्या व्हायच्या, देवरीला, अर्जुनीला, थेट गडचिरोलीला. ते लोक शिव्या देत जायचे, आणि साडूभाऊ हार घेऊन त्यांना पोचवायला जायचे. स्वतः त्यांनी सालेकशाला विनंती बदली मागितली होती. कशासाठी, तर कचारगडच्या बाजूचे डोंगर खिडकीतून दिसतात म्हणे. साहेबांनी पाठीवर थाप मारली, "आप चले गए तो यहाँ का काम कौन देखेगा?" झालं. त्याच खुर्चीवरून ते निवृत्त झाले. "आपली नाई झाली," छताकडे पाहत ते मला म्हणाले, "खोल्याईची तरी होऊ द्या." मी निवलेला चहा पिऊन टाकला.

या सगळ्यात मरण होतं ताईचं. स्वयंपाकघर आज इथे, उद्या तिथे, म्हणून गॅसची शेगडी कायम जमिनीवर, आणि ताई पाटावर. तरणेपणी चाललं. मग गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही. ताईने आयुष्यात नवऱ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण तेव्हा तिने मागितलं. "मले ओटा पाहिजे. सिमेंटचा. हलणार नाई असा." साडूभाऊंचा चेहरा असा झाला की जसं काही तिने त्यांना त्या कचेरीत परत जायला सांगितलं. ओटा म्हणजे एक खोली कायमची अडकली. आणि एक अडकली की बाकीच्या जाणार कुठे? ते आठवडाभर टेप घेऊन भिंती मोजत फिरले आणि मग एका संध्याकाळी घामाघूम होऊन गुपचुपचा ठेला ढकलत घरी आले. तिकडे नागपूर-पुण्याला पाणीपुरी म्हणतात ती आमची गुपचुप. कोणा ठेलेवाल्याने दुकान थाटलं होतं, त्याचा हा जुना, चार चाकांचा. साडूभाऊंनी तो घासून धुतला, निळा रंग दिला, वर शेगडीला जागा केली. "पाय, ओटा बी झाला अन् बदली बी राहिली!" योजना नामी होती. फक्त घरातल्या सगळ्या भिंती मोजताना त्यांनी दार मोजलं नव्हतं. ठेला आत शिरेना. तो अंगणातच राहिला आणि संध्याकाळ झाली की गल्लीतल्या बाया फाटकाशी येऊन विचारायच्या, "काका, एक प्लेट लगाओ ना!" ताई लंगडत बाहेर यायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तिखट पाहिजे का मीठी?" हसून हसून आमची पुरेवाट झाली. ताई मात्र पुन्हा पाटावर बसली.

पुढचं मला साडूभाऊंनीच फोनवर सांगितलं. हिवाळ्याचे दिवस. पाण्याची खोली त्या दिवशी रिकामी केली होती आणि ते चटईवर बसून छत पाहत होते. मागच्या खोलीत ताई भात उतरवायला गेली आणि गुडघे धरले. उठता येईना. तिने हाक मारली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. "भाऊ, मले वाटलं खोलीच बोलून राहिली," ते म्हणाले. "म्या खोलीले 'हो' म्हटलं अन् बसूनच राहिलो." शेवटी करपलेल्या भाताचा वास आला तेव्हा ते धावले. ताई भिंतीला धरून बसली होती. तिने आदळआपट केली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "भिंत बरी जी. तिनं तरी धरलं." साडूभाऊंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि मी फोनवर नुसता "हो, हो" करत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. ओटा कुठे घालायचा, त्याने विचारलं. साडूभाऊ चारही खोल्यांतून एकदा फिरून आले, आणि पाण्याच्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "इथं." ताईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अजी, छत काळं होईन!" "होऊ दे," ते म्हणाले. "सारं घर पाहून चुकलं ते पाणी, पोत्याईनं पायलं. तूच तेवढी राहिली."

ओटा झाल्यावर मी मुद्दाम गेलो. फाटकाची कडी काढून सवयीने दाराशी थबकलो, पण आत ओटा सोडला तर सगळं मागच्या वेळी होतं तसंच होतं. सोफा जागेवर, पोती जागेवर. मला आनंद व्हायला हवा होता. आयुष्यभर मी याच घराला नावं ठेवली होती. पण कसं ओकंबोकं वाटलं. पाण्याच्या खोलीत ताई उभी राहून पोहे करत होती. छतावर फोडणीचा पिवळट डाग पडला होता, आणि त्या डागावरूनही पाणी आपलं हलतच होतं, तिच्या केसांवर, हातावर, कढईवर. "जवाईबापू," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी लय सुखात हाय. पण यायले पाहा." साडूभाऊ बैठकीत एका खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तेवढ्यात सिलिंडरवाला आला. त्याने काही विचारलं नाही. सिलिंडर खांद्यावर टाकला आणि सरळ आत गेला. साडूभाऊंचा हात दिशा दाखवायला अर्धा वर आला होता, तो तसाच हळूच मांडीवर परत गेला.

ताईने ते पाहिलं. शेगडी बंद केली, पदराला हात पुसले आणि बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. "कायले बसले असे? उठा. ही अलमारी त्या भिंतीले न्या. हे खोली कंटाळली." साडूभाऊ तिच्याकडे पाहतच राहिले. "कोणाचा आदेश?" त्यांनी विचारलं. "आदेश नाई," ताई म्हणाली, "माही विनंती हाय." बाप्पा! माणूस ताडकन उठला की हो. आम्ही दोघं साडू अलमारीला भिडलो. एकदा भिडलो, थांबलो, धापा टाकल्या, पुन्हा भिडलो. ती किंचाळलीसुद्धा नाही. पूर्वी साडूभाऊ एकट्याने जिला दाराबाहेर काढायचे, ती आम्हा दोघांना मिळून बोटभरही सरकली नाही. ते हात चोळत उभे राहिले आणि मी दुसरीकडे पाहायला लागलो. मग ताईच म्हणाली, "राहू द्या तिले. घड्याळीची तर करा बदली." मी खुर्ची धरली, साडूभाऊ वर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ काढून समोरच्या भिंतीवर लावलं. खाली उतरून ते मागे सरले, मान तिरकी केली आणि खोलीकडे असे पाहत राहिले, जसं काही सगळं घर नवं झालं.

आम्ही पोहे खाल्ले. चहा झाला. गाडीची वेळ बघायला म्हणून मी मान वर केली, तर जुन्या भिंतीवर नुसता खिळा. पाहतो तो काय, ताईही तिकडेच पाहत होती आणि साडूभाऊसुद्धा. तिघंही हसलो. निघता निघता, काहीतरी हातभार लावावा म्हणून मी तो रिकामा खिळा उपटायला गेलो, तर ताईने मला थांबवलं.

"असू द्या जी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात घड्याळीले वापस याचं हाय."